फिरत काहीच नाही, संवेग मात्र खरा



या व्याख्यानमालेत यंदा भौतिकशास्त्रावर बोला, असं मला सांगण्यात आलं आणि विषय निवडण्याची मोकळीकही मिळाली. मी स्पिन हा विषय घेतला. तुमच्यापैकी ज्यांनी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र घेतलं होतं, त्यांनी वहीत छोटे छोटे चौकोन काढून त्यांत इलेक्ट्रॉन भरले असतील. एका चौकोनात दोन बाण, एक वर आणि एक खाली. तिसऱ्याला जागा नाही. परीक्षा झाली, गुण मिळाले, वही रद्दीत गेली. पण तो बाण म्हणजे नेमकं काय, हे किती जणांना कुणी सांगितलं?

सांगितलं असेल, तर दोनांपैकी एक उत्तर मिळालं असेल. शाळेत सांगतात की इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो. एका बाजूनं फिरला तर बाण वर, दुसऱ्या बाजूनं फिरला तर खाली. कॉलेजात गेलं की सांगतात, तो भोवरा विसरा, स्पिन ही एक पुंजसंख्या आहे, समीकरणात येते, वापरायची आणि पुढे जायचं. पहिलं उत्तर चुकीचं आहे. दुसरं चुकीचं नाही, पण ते उत्तरच नाही. ती विद्यार्थ्याची बोळवण आहे.

माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो. इलेक्ट्रॉनमध्ये फिरणारं असं काही नाही. तरीही फिरणाऱ्या वस्तूकडे जो कोनीय संवेग असतो, तो त्याच्याकडे आहे, आणि तो कागदावरचा नाही, खराखुरा आहे. इतका खरा की त्यानं लोखंडाचा दांडा वळतो. या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरता आल्या की स्पिन समजायला सुरुवात झाली. एक सोडून दुसरी धरली की गोंधळ. तासाभरात मला तुम्हाला या दोन्हींपर्यंत न्यायचं आहे.

चला, १९२२ सालच्या फ्रँकफुर्टला जाऊ. महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झालेली, जर्मनीत पैशाची चणचण, मार्क घसरत चाललेला. अशा वेळी ओटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख या दोघांना एक अवघड प्रयोग करायचा होता. पैसे कुठून आले? तिथल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्र विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅक्स बोर्न यांनी सापेक्षतेवर पैसे आकारून जाहीर व्याख्यानं दिली आणि त्यांतून जमलेली रक्कम प्रयोगांना दिली. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला विशेष आनंद होतो. संध्याकाळी वेळ काढून आइन्स्टाइनचा सिद्धांत ऐकायला आलेल्या सामान्य नागरिकांच्या पैशाचा वाटा विसाव्या शतकातल्या एका थोर प्रयोगात आहे.

प्रयोग असा. भट्टीत चांदी सुमारे हजार अंशांपर्यंत तापवायची, म्हणजे तिचे अणू वाफ होऊन बाहेर पडतात. निर्वात नळीत बारीक फटींतून ते सोडले की अणूंची एक पातळ शलाका मिळते. ही शलाका साडेतीन सेंटीमीटर लांबीच्या चुंबकातून न्यायची आणि पलीकडे काचेच्या पट्टीवर चांदी कुठे साठते ते पाहायचं. चुंबकाचा एक ध्रुव सुरीच्या धारेसारखा निमुळता, दुसऱ्याला खाच. असं का? चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं असेल, तर त्यात ठेवलेला छोटा चुंबक नुसता वळेल, सरकणार नाही. क्षेत्र एका बाजूला जोरकस आणि दुसऱ्या बाजूला मंद असेल, तरच तो एकीकडे ओढला जाईल. किती ओढला जाईल, हे त्याचं तोंड कुठे आहे यावर ठरेल.

आता तुम्हीच विचार करा. भट्टीतून बाहेर पडणारे अणू कसेही कलंडलेले असणार. कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली, कुणाचं आडवं, कुणाचं तिरकं. मग काचेवर काय दिसायला हवं? वरपासून खालपर्यंत सलग पसरलेला एक पट्टा. मधे सगळ्यात दाट, कडांना विरळ.

काच बाहेर काढली तेव्हा त्यांना आधी काहीच दिसलं नाही. चांदीचा थर इतका पातळ होता की डोळ्याला कळेना. स्टर्न यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी की गेरलाखकडून काच घेऊन ते निरखत होते आणि पाहता पाहता काचेवर काळ्या रेघा उमटल्या. स्टर्न स्वस्तातले सिगार ओढायचे. त्या सिगारांत गंधक बरंच असायचं, आणि गंधक चांदीला लागलं की चांदी काळी पडते. संशोधकाच्या श्वासानं प्रयोगाचं उत्तर उघड झालं! ८ फेब्रुवारी १९२२ रोजी गेरलाख यांनी निकालाचं छायाचित्र पोस्टकार्डावर चिकटवून नील्स बोर यांना कोपनहेगनला पाठवलं आणि तुमचा सिद्धांत सिद्ध झाला म्हणून अभिनंदन केलं.

छायाचित्रात काय होतं? सलग पट्टा नव्हता. शलाका दुभंगली होती. काही अणू एकीकडे, काही दुसरीकडे, दोहोंत अंतर जेमतेम मिलिमीटरचा पाचवा भाग, आणि मधली जागा मोकळी. तिरके अणू गेले कुठे? आडवे कुठे गेले? तिरकं असं कुणी नव्हतंच. चुंबकानं प्रत्येक अणूला विचारलं, तू वर की खाली, आणि प्रत्येकानं दोनांपैकी एक उत्तर पुरतं दिलं. अर्धवट उत्तर एकाचंही नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण विज्ञानाचा इतिहास पाठ्यपुस्तकात फार सरळ करून सांगतात. हा प्रयोग स्पिन शोधण्यासाठी केलाच नव्हता. स्पिन हा शब्दही तेव्हा नव्हता. बोर आणि सोमरफेल्ड यांच्या सिद्धांतानुसार अणूतल्या इलेक्ट्रॉनची कक्षा ठरावीक दिशांनाच कलू शकते. ते खरं आहे का, एवढंच पाहायचं होतं. त्या सिद्धांताप्रमाणे दोन रेघा हव्या होत्या, दोन मिळाल्या, सगळे खूश. पुढे नवी पुंजयामिकी आली आणि कळलं की चांदीच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनकडे कक्षेतला कोनीय संवेग शून्य असतो. म्हणजे त्या हिशेबानं एकच रेघ यायला हवी होती! मग दोन कशा आल्या? त्या दोन रेघा कक्षेच्या नव्हत्याच, इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या स्पिनच्या होत्या. हे नीट लक्षात यायला १९२७ साल उजाडलं. पाच वर्षं स्पिनचा पुरावा छापील स्वरूपात सगळ्यांच्या टेबलावर पडून होता आणि त्यावर दुसऱ्याच गोष्टीची चिठ्ठी होती.

१९२२ मध्येच आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट यांनी मात्र एक टोकदार शंका काढली होती. भट्टीतून अणू कसेही बाहेर पडतात. चुंबकातून जाताना त्यांना निमिषमात्र वेळ मिळतो. तेवढ्यात सगळे वर किंवा खाली असे शिस्तीत उभे कसे राहतात? ज्ञात नियमांनी हिशेब केला तर वळायला त्यांना वर्षानुवर्षं लागावीत. शंका अगदी बरोबर होती. अणू वळून उभे राहतात हे चित्रच चुकीचं होतं.

ते का, हे पाहण्यासाठी तसाच चुंबक पुन्हा पुन्हा लावून बघू. हा भाग मला आजच्या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सावकाश जाऊ. अशी मांडणी १९२२ मध्ये झाली नव्हती. पण आज प्रयोगशाळेत याची खात्री वेगवेगळ्या रीतींनी करून झाली आहे.

पहिला चुंबक उभा. त्यातून 'वर' गेलेले अणू घ्या, 'खाली' गेलेले अडवा. घेतलेले अणू दुसऱ्या उभ्या चुंबकात सोडा. सगळेच्या सगळे पुन्हा वर जातात. ठीक. म्हणजे 'वर' ही गोष्ट पक्की आहे असं आपण धरू. आता दुसरा चुंबक काढून त्या जागी आडवा चुंबक ठेवा. अणूंना विचारायचं, डावीकडे की उजवीकडे? निम्मे डावीकडे जातात, निम्मे उजवीकडे. हेही समजण्यासारखं आहे. आता उजवीकडे गेलेले तेवढे घ्या. यांच्याबद्दल आपल्याला दोन गोष्टी कळल्या आहेत, नाही का? हे आधी 'वर' होते आणि आता 'उजवे' आहेत. यांना पुन्हा उभ्या चुंबकात सोडा. सगळे वर जायला हवेत.

जात नाहीत. निम्मे वर जातात, निम्मे खाली.

खाली जाणारे सगळे अणू आपण पहिल्याच टप्प्यावर अडवले होते. मग हे खाली जाणारे आले कुठून? आडव्या चुंबकानं धक्का दिला, गोंधळ केला, असं म्हणून इथे सुटका करून घेता येते आणि पुष्कळ पुस्तकं ती घेतातही. मला ते पुरेसं वाटत नाही. धक्का म्हटला की आधी काहीतरी होतं आणि ते बिघडलं, असं मानावं लागतं. पुंजयामिकी त्याहून मोठी गोष्ट सांगते. 'वर' आणि 'उजवा' ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी बाळगणारा इलेक्ट्रॉन असूच शकत नाही. उजवेपणा पक्का झाला की वर-खाली हे अनिश्चित होतं. आपल्याला ठाऊक नसतं म्हणून नव्हे, तिथे ठरलेलं असं काही नसतं म्हणून.

आता चुंबक तिरपा लावू. 'वर' असलेले अणू घ्या आणि ६० अंशांत कललेल्या चुंबकात सोडा. शंभरातले सरासरी ७५ त्या चुंबकाच्या दृष्टीनं वर जातात, २५ खाली. १२० अंश कलवा, प्रमाण उलटं होतं, २५ आणि ७५. पुरता उलटा केला की वर एकही नाही. यात माझ्या दृष्टीनं फार सुंदर अशी एक गोष्ट लपलेली आहे. ६० अंशांत कललेल्या भोवऱ्याचा संवेग त्या दिशेनं मोजला तर निम्मा भरतो. इलेक्ट्रॉनमध्ये निम्मं उत्तर एकही देत नाही. पण ७५ जणांनी 'वर' म्हटलं, २५ जणांनी 'खाली' म्हटलं. वजाबाकी करा, पन्नास उरतात. शंभरात पन्नास, म्हणजे निम्मं! एकेकट्या इलेक्ट्रॉनच्या वागण्यात भोवरा कुठेही नाही, आणि पुष्कळांच्या सरासरीत भोवऱ्याचं गणित जसंच्या तसं उभं आहे. संवेग खरा आहे असं मी सुरुवातीला म्हणालो, त्याची पहिली खूण ही.

आता माणसांकडे वळू. स्पिनची कल्पना सुचली कुणाला, यामागे एक चटका लावणारी गोष्ट आहे.

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणूंच्या वर्णरेषा फुटतात, हे झेमान यांनी १८९६ मध्ये दाखवलं होतं. पण काही वर्णरेषा सिद्धांतात न बसणाऱ्या पद्धतीनं फुटत, आणि त्यांनी पंचवीस वर्षं भल्याभल्यांना हैराण केलं. वोल्फगांग पाउली त्यांतले एक. त्यांनी ठरवलं की इलेक्ट्रॉनकडे एक दुहेरीपणा आहे, दोनच मूल्यं घेणारा, आणि जुन्या भौतिकशास्त्राच्या भाषेत त्याचं वर्णन करता येत नाही. याच विचारातून १९२५ मध्ये त्यांचा वर्जनाचा नियम आला. वहीतल्या एका चौकोनात दोनच बाण, तो नियम हाच. त्याच वर्षी जानेवारीत राल्फ क्रोनिग हा विशीतला तरुण ट्युबिंगेनला आला होता. पाउलींचं काम कळताच त्याला सुचलं की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असेल तर हा दुहेरीपणा सहज येतो. त्यानं हिशेबही करून पाहिला. पाउलींना सांगितलं. पाउलींनी कल्पना चतुर आहे म्हटलं, पण निसर्ग असा नाही म्हणून ती उडवून लावली. क्रोनिगनं ती छापली नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हॉलंडमधल्या लायडनला २४ वर्षांचा जॉर्ज उहलेनबेक आणि २३ वर्षांचा सॅम्युएल हाउडस्मिट यांना तीच कल्पना सुचली. त्यांचे गुरू एरेनफेस्ट म्हणाले, लहानसं टिपण लिहा आणि लोरेंट्झ यांना विचारा. वृद्ध लोरेंट्झ यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काही दिवसांनी हिशेबाचे कागद आणून दिले. इलेक्ट्रॉनचा जो आकार तेव्हा मानत, तेवढा गोळा एवढा संवेग बाळगेल अशा वेगानं फिरवायचा, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्याही पुढे जातो. भरीव गोळा धरून तुम्ही स्वतः हिशेब केलात, तर तो प्रकाशवेगाच्या शंभरपटीहून जास्त येतो. दोघं घाबरले. एरेनफेस्टकडे धावले, टिपण परत द्या म्हणाले. एरेनफेस्ट म्हणाले, ते मी केव्हाच धाडून दिलं. तुम्ही दोघं इतके तरुण आहात की एखादा वेडेपणा तुम्हाला परवडेल. २० नोव्हेंबर १९२५ च्या अंकात ते छापून आलं.

पुढचा महिना तर नाटकात शोभावा असा. बोर रेल्वेनं लायडनला निघाले. वाटेत हांबुर्गच्या फलाटावर पाउली आणि स्टर्न भेटले, या स्पिनवर विश्वास ठेवू नका म्हणाले. लायडनला आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट भेटले, तिथे बोर यांची शंका फिटली. परतीच्या वाटेवर बर्लिनला पाउली पुन्हा फलाटावर हजर. बोर बदललेले पाहून ते कष्टी झाले. एक अडचण खरोखरच शिल्लक होती, हिशेबात दुपटीचा फरक पडत होता. तो लेवेलिन थॉमस या तरुणानं १९२६ च्या सुरुवातीला सापेक्षतेच्या आधारानं सोडवला. मग पाउलींनी हार मानली, आणि मानली तीही मोठ्या मनानं. १९२७ मध्ये स्पिनचं गणित त्यांनीच उभं केलं. आजही प्रत्येक विद्यार्थी ते पाउलींच्याच नावानं शिकतो. पुढच्याच वर्षी डिरॅक यांनी पुंजयामिकी आणि सापेक्षता एकत्र आणणारं समीकरण लिहिलं आणि स्पिन त्यातून आपोआप बाहेर आला, वेगळा घालावा लागला नाही.

या भांडणात बरोबर कोण होतं? पाउली चुकले आणि पोरं जिंकली, असं बहुतेक जण सांगतात. मला ते मान्य नाही. क्रोनिगशी पाउली कठोर वागले, हे खरं. पण इलेक्ट्रॉन म्हणजे फिरणारा गोळा नाही, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. इलेक्ट्रॉनला काही आकार असलाच, तर तो लोरेंट्झ यांनी धरलेल्या आकाराच्या हजाराव्या भागाहूनही लहान असावा लागतो, असं आज प्रयोग सांगतात. म्हणजे पृष्ठभागाच्या वेगाची अडचण हजारपटींनी वाढलीच. आणि पोरंही बरोबर होती. तो दुहेरीपणा म्हणजे कोनीय संवेगच आहे, हा त्यांचा दावा पुढच्या प्रत्येक प्रयोगानं उचलून धरला. एका बाजूकडे निम्मं सत्य होतं, दुसरीकडे उरलेलं निम्मं. दुःख एवढंच की नोबेल पाउलींना १९४५ मध्ये मिळालं आणि क्रोनिग, उहलेनबेक, हाउडस्मिट तिघांपैकी कुणालाही मिळालं नाही.

कोनीय संवेगच आहे कशावरून? दोनच पुरावे देतो. १९१५ मध्ये बर्लिनला आइन्स्टाइन आणि डी हास यांनी लोखंडाचा एक लहान दांडा बारीक तंतूला टांगला, भोवती तारेचं वेटोळं ठेवलं आणि विजेचा प्रवाह उलटवला. लोखंडाचं चुंबकत्व उलटलं आणि दांडा वळला! आतल्या इलेक्ट्रॉनांचा संवेग उलटला, एकूण संवेग तर कायम राहायला हवा, म्हणून अख्ख्या दांड्यानं फिरून हिशेब चुकता केला. आइन्स्टाइन यांना वाटलं, हा कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचा संवेग. पुढच्या काटेकोर मोजणीत मात्र जेवढ्या चुंबकत्वामागे जेवढा संवेग अपेक्षित होता, त्याच्या निम्माच निघाला, आणि ते स्पिनचं लक्षण आहे. लोखंडाचं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळेच आहे. तुमच्या घरच्या फ्रिजच्या दारातलं चुंबक हे स्पिनचं काम आहे.

दुसरा पुरावा प्रकाशाचा, आणि त्यात आपला वाटा आहे. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना आपला प्रसिद्ध निबंध पाठवला. फोटॉनला स्वतःचा कोनीय संवेग असू शकतो ही शक्यता बोस यांच्या मनात होती, अशी नोंद रामन आणि भगवंतम यांनी १९३१ मध्ये केली आहे. फोटॉनच्या स्पिनचा प्रायोगिक पुरावा देणाऱ्या आपल्याच निबंधात. १९३६ मध्ये रिचर्ड बेथ यांनी प्रिन्स्टनला तंतूला टांगलेली स्फटिकाची चकती नुसत्या प्रकाशानं वळवून दाखवली. फोटॉनला वस्तुमान नाही, आकार नाही, त्याला थांबवून पाहताही येत नाही. तिथे फिरणार काय? तरीही चकती वळली.

आता इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं सर्वांत विलक्षण लक्षण. कोणतीही वस्तू स्वतःभोवती एक पूर्ण चक्कर फिरवली, ३६० अंश, की ती होती तशी परत मिळते. इलेक्ट्रॉन मिळत नाही. एका चकरेनंतर त्याच्या अवस्थेचं चिन्ह उलटतं. धनाचं ऋण होतं. पहिल्यासारखं व्हायला दोन चकरा लागतात, ७२० अंश. हे गणितातलं चिन्ह आहे, कोण बघायला जातं, असं म्हणाल तर १९७५ चा प्रयोग ऐका. न्यूट्रॉनचं स्पिनही इलेक्ट्रॉनएवढंच असतं. सिलिकनच्या स्फटिकात न्यूट्रॉनांची शलाका दोन वाटांनी नेली, एका वाटेवर चुंबकानं स्पिन फिरवलं आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या. एका चकरेनंतर जिथे जोर मिळायचा तिथे वजाबाकी झाली. दोन चकरांनंतर पुन्हा जोर मिळाला. फ्रान्समध्ये ग्रनोबलला आणि अमेरिकेत मिसूरीला, दोन वेगळ्या गटांनी हे दाखवलं.

ज्यांना हे अशक्य वाटतं, त्यांनी घरी गेल्यावर तळहातावर एक ताटली घ्यावी. ताटली आडवीच ठेवून हात काखेखालून फिरवत एक पूर्ण चक्कर द्या. ताटली पूर्ववत होईल, पण हात पिळलेला राहील. आता उलट फिरवू नका. त्याच दिशेनं आणखी एक चक्कर द्या, या वेळी हात डोक्यावरून न्या. हात सरळ! ही उपमा नव्हे. आपण राहतो त्या त्रिमितीय अवकाशाचाच हा गुण आहे की एका चकरेचा पीळ उलगडत नाही आणि दोन चकरांचा उलगडतो. इलेक्ट्रॉन अवकाशाचा हा गुण अंगात घेऊन जन्मतो.

या चिन्हाचा वर्जनाच्या नियमाशी संबंध आहे. ज्यांचं स्पिन इलेक्ट्रॉनप्रमाणे अर्ध्याच्या विषम पटीत असतं ते कण एका अवस्थेत एकत्र राहू शकत नाहीत, आणि पूर्णांक स्पिनचे राहू शकतात, याची सिद्धता पाउलींनी १९४० मध्ये दिली. ती सोपी करून सांगता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. परिणाम मात्र कळायला सोपा आहे. इलेक्ट्रॉनांना हा नियम नसता, तर प्रत्येक अणूतले सगळे इलेक्ट्रॉन तळाच्या अवस्थेत जाऊन बसले असते. सोडियम आणि सोनं यांच्या रसायनात आज आहे तसा भेद उरला नसता. मीठ नसतं, पाणी नसतं, आपण नसतो.

आता रोजच्या जगण्यात येऊ. एमआरआयच्या यंत्रात तुम्ही झोपता तेव्हा तुमच्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना, म्हणजे प्रोटॉनांना, यंत्र प्रश्न विचारत असतं. दीड टेस्ला क्षेत्रात प्रोटॉन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतो. वर आणि खाली यांतला फरक दहा लाखांत जेमतेम पाचांचा असतो, आणि तेवढ्यावर मेंदूचं चित्र उभं राहतं. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत आपल्याकडच्या एका शास्त्रज्ञाचं नाव येतं आणि ते फार कमी जणांना माहीत आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवलं की साध्या अल्कोहोलमधले प्रोटॉन एकाच नव्हे तर तीन वेगळ्या ठिकाणी संकेत देतात, तीनास दोनास एक या प्रमाणात, कारण रेणूतल्या त्यांच्या जागा तीन प्रकारच्या आहेत. स्पिनला विचारून रेणूची रचना कळते, हे त्यातून उघड झालं. रसायनशास्त्राच्या आजच्या प्रयोगशाळा या एका गोष्टीवर चालतात. त्यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतात हे संशोधन त्यांनी उभं केलं.

आणि नारायणगावजवळ खोडद व आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या. तुमच्यापैकी पुष्कळांनी विज्ञानदिनाला मुलांना घेऊन तिथे रांग लावली असेल. त्या अँटेना जे काही ऐकतात त्यांतला एक महत्त्वाचा संकेत स्पिनचाच आहे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघांचे स्पिन एका दिशेला असले तर ऊर्जा किंचित जास्त, उलट असले तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनचा बाण उलटला की २१ सेंटीमीटरची रेडिओलहर बाहेर पडते. एका अणूच्या बाबतीत असं आपणहून घडायला सरासरी सुमारे एक कोटी वर्षं लागतात! पण अवकाशात हायड्रोजन अमाप आहे, म्हणून संकेत सतत येत राहतो. अशी लहर असावी हे व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये सांगितलं, आणि १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी ती पकडली. आपल्या आकाशगंगेच्या सर्पिल बाहूंचा नकाशा या लहरीनं काढला. २०२३ मध्ये खोडदच्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून या लहरीचा जो संकेत जाहीर झाला, तो एका दीर्घिकेतून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं तो मोठा करून दाखवला, म्हणून मिळाला. वहीच्या चौकोनातला तोच बाण, पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी उलटलेला.

ज्या प्रोटॉनच्या स्पिनवर रुग्णालयं चालतात आणि दीर्घिका मोजल्या जातात, त्याच्या स्पिनचा हिशेब मात्र अजून पुरता लागलेला नाही. प्रोटॉन इलेक्ट्रॉनसारखा मूलभूत नाही. त्याच्या आत क्वार्क आहेत, त्यांना धरून ठेवणारे ग्लुऑन आहेत. क्वार्कचंही स्पिन अर्धं. तीन क्वार्कांचे बाण मांडले, दोन वर एक खाली, की प्रोटॉनचं अर्धं सहज जुळतं, असं सगळे धरून चालले होते. १९८७ मध्ये जिनिव्हाजवळ सर्नमध्ये म्युऑनांचा मारा करून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा क्वार्कांच्या स्पिनचा वाटा अगदीच थोडा निघाला. शास्त्रज्ञांनी त्याला स्पिनचं संकट म्हटलं. त्यानंतरच्या मोजणीत तो साधारण तीस टक्क्यांवर स्थिरावला आहे. उरलेला संवेग काही ग्लुऑनांच्या स्पिनमध्ये आहे, काही क्वार्क आणि ग्लुऑन आत ज्या तऱ्हेनं हिंडतात त्या हालचालीत. कशाचा वाटा किती, हे ठरवायला अमेरिकेत ब्रूकहेवन इथे नवं यंत्र उभारण्याचं काम चालू आहे. त्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन, दोघांचेही स्पिन आधी एका दिशेला लावून घेतील, आणि मगच त्यांची टक्कर घडवतील.